लांबलेल्या संकटात देवाचा नेम सोडू नये, पण गप्पही बसू नये

मलप्रभाकाठची (खानापूर तालुका):
परवाच्या एकादशीला आमच्या गावात कीर्तन झालं. बुवांनी सांगितलं की दुःख आलं तरी तोंडातून चकार शब्द काढू नये. देव परीक्षा बघत असतो आणि जो कुरकुरला त्याची भक्ती कच्ची. मंडपातल्या पुष्कळांनी माना हलवल्या. मला ते पटलं नाही, म्हणून इथं लिहिते.

आमचं घर माळकरी. धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येतात. आईनं एकादशी कधी मोडली नाही आणि भावाच्या गोळ्याची वेळही कधी चुकवली नाही. या काळात घरी येणाऱ्यांनी आम्हाला काय काय सांगितलं! देवाचं काहीतरी राहिलंय, कौल लावून बघा, कुळाचारात चूक झाली असेल, मागच्या जन्मीचं असेल. माझी आई या सगळ्यांना चहा देते आणि रात्री विठ्ठलाच्या तसबिरीसमोर उभी राहून मोठ्यानं भांडते. शेजाऱ्यांना ऐकू जातं. बुवांच्या हिशेबानं तिची भक्ती कच्ची ठरते. माझ्या हिशेबानं आमच्या पंचक्रोशीत तिच्याइतकी पक्की कुणाची नाही.

माझं म्हणणं असं. नवसात 'तर' असतो: मूल बरं झालं तर डोंगरावर येईन, ओटी भरीन. नेमात 'तर' नसतो. माळ घातली की दारू-मटण नाही, खोटं बोलायचं नाही, कुणाचं बुडवायचं नाही, दारात आलेल्याला उपाशी धाडायचं नाही. हे पाळणं म्हणजे देवाची आज्ञा पाळणं. मन कसं ठेवायचं याची आज्ञा मला कुठं सापडली नाही. तुकोबांच्या काळी 1630 च्या सुमाराला दुष्काळ पडला. द्रव्य आटलं, मान गेला, 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांचेच शब्द. त्याच माणसानं वाट्याला आलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. स्वतः बुडालेला असताना दुसऱ्याला कर्जातून सोडवलं, याहून मोठी आज्ञाधारकता कोणती? आणि तेच तुकोबा एका अभंगात 'माझे लेखीं देव मेला' म्हणतात. दोन्ही तोंडं एकाच माणसाची आहेत. आपण त्यातलं एकच का ऐकवतो?

निपाणीचा माळकरी:
ताई, तुमच्या आईंना दंडवत. पण बुवांचं म्हणणं इतक्या सहज टाकून देऊ नका. तुकोबांनीच 'ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान' असंही म्हटलंय. तुकोबांचं भांडण हा प्रेमातला कलह. तो अधिकार साधनेनं येतो. आमच्यासारख्यांचं भांडण रागातून येतं आणि रागाचा शेवट माळ काढून ठेवण्यात होतो. आमच्या निपाणीत तंबाखूला दर नाही अशी कितीतरी वर्षं मी पाहिली. 1981 च्या आंदोलनात तर हमरस्ता अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर काहींनी देवाला शिव्या देत वारी सोडली. ते सुखी झाले असं मला दिसलं नाही. आधी नुसती कुरकुर, मग एकादशीला चालढकल, मग दिंडीला 'यंदा नको'. घसरण अशीच सुरू होते. म्हणून आमचे वडीलधारे सांगायचे की जिभेला आधी आवर घाला, मन मागून येतं. नेम पाळायचा आणि तोंड मात्र मोकळं सोडायचं, हे फार दिवस चालत नाही.

सौंदत्ती रोड:
मी अंगणवाडीत काम केलंय, आता निवृत्त आहे. तुम्ही दोघंही एका गोष्टीवर बोलत नाही: देवाची आज्ञा काय, हे ठरवतं कोण?

आमच्या भागात पोरीच्या केसात जट झाली की देवीनं बोलावलं म्हणायचे. घरात आजारपण हटेना, म्हस मेली, पाऊस गेला, की मुलगी देवीला सोडायची. सोडणारे आईबाप दुष्ट नव्हते. लांबलेल्या संकटात ते देवाशी निष्ठावानच राहिले होते, आणि त्या निष्ठेची किंमत आठ-दहा वर्षांच्या पोरीनं आयुष्यभर भरली. कर्नाटकात 1982 साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. त्यानंतरही चोरून मुली सोडल्या गेल्याचं आम्ही काम करताना पाहिलं. जट कापायला कात्री घेऊन गेलं की घरातलीच म्हातारी आडवी पडायची: देवी कोपेल. नीट विंचरलं, तेलपाणी केलं, की जट होत नाही. एवढी साधी गोष्ट आज्ञाधारकपणाखाली झाकून टाकली होती.

त्यामुळं 'देवाची आज्ञा पाळत राहा' हे वाक्य मला भीतिदायक वाटतं. संकटात सापडलेला माणूस अगोदरच हात जोडून उभा असतो. त्याला आणखी आज्ञाधारक व्हायला सांगू नका, प्रश्न विचारायला शिकवा.

मलप्रभाकाठची (खानापूर तालुका):
सौंदत्ती रोड, तुमचं दोनदा वाचलं. तुम्ही जे पाहिलंत त्यापुढं माझा अनुभव फार लहान आहे. तरी माझं उत्तर आहे. देवाची आज्ञा माझ्या पानावर, माझ्या झोपेवर, माझ्या पैशावर चालू शकते. दुसऱ्याच्या अंगावर ती चालवायचा हक्क मला नाही, आईबापालाही नाही. स्वतः उपाशी राहिले तो नेम. पोरीला सोडली तो सौदाच होता, फक्त किंमत दुसऱ्याच्या खिशातून गेली.

निपाणीचे दादा, वारी सोडली त्यांच्याबद्दल. ते भांडले म्हणून गेले की भांडायला कुणी जागा दिली नाही म्हणून गेले? माझ्या आईला कुणी 'गप्प बस, पाप लागेल' म्हणून दटावलं असतं तर तिची माळ केव्हाच खुंटीला लागली असती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

वडगावचा माग:
अक्का, मी विणकर माणूस, मला भाषण जमत न्हाई. पण एक सांगतो बघा. 2019 च्या ऑगस्टात घटप्रभेला पूर आला, गोकाकच्या पाहुण्यांचं घर पाण्यात गेलं. ती माणसं आमच्याकडं आली आणि पुढच्याच वर्षी लॉकडाऊन. माग बंद, सूत न्हाई, साडीला गिऱ्हाईक न्हाई. त्या दिवसांत घरात रोज हरिपाठ व्हायचा. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण पोट भरलं ते गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून तांदूळ वाटला म्हणून.

आता चोखोबांचं बघा. त्यांच्यापेक्षा निष्ठा कुणाची? 'हीन याती माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा' म्हणत आयुष्य काढलं. 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून गेले. समाधी कुठं, तर पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाच्या महाद्वारासमोर, बाहेरच. आत जायला त्यांच्या माणसांना सहाशे वर्षं लागली. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तवा दार उघडलं. एवढी वर्षं निष्ठा कमी पडली होती काय? निष्ठा भरपूर होती. कमी पडलं ते भांडणारं माणूस. म्हणून मी म्हणतो, देव राहू दे देवाच्या जागी, पण संकटात माणसाला धीर धरायला सांगणाऱ्यापेक्षा उठायला सांगणारा बरा.

निपाणीचा माळकरी:
विणकर दादा, चोखोबांचं नाव आलं की आम्हा वारकऱ्यांची मान खाली जाते आणि ती जायलाच पाहिजे. पण एक बाजू राहिली. साने गुरुजी निरीश्वरवादी नव्हते, विठ्ठलाला आई मानणारे होते. उपोषणाला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे वारकऱ्याच्याच घरात. दार ज्यांनी उघडलं तेही निष्ठावंतच.

मलप्रभाकाठची (खानापूर तालुका):
दादा, हेच तर मी म्हणते आहे! गुरुजींनी देवळाच्या कारभाराविरुद्ध अन्न सोडलं आणि ते देवाचं ऐकून सोडलं. तुमच्या बुवांच्या व्याख्येत ते बसतील का? 'ठेविलें अनंतें' हे चोखोबांच्या लेकरांना तुकोबांनंतर तीनशे वर्षं ऐकवलं गेलं, आणि ऐकवणारे आतून दर्शन घेऊन आलेले असायचे. समाधान स्वतःच्या चित्ताला सांगायचं असतं. ते दुसऱ्याला सांगितलं की त्याचा जुलूम होतो.

कॅम्प, बेळगाव:
मी ख्रिस्ती आहे, घरात मराठीच बोलतो. तुमच्या चर्चेत मला बायबलमधला ईयोब आठवला. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: ईयोब नीतिमान माणूस, त्याची गुरं, मुलं, तब्येत सगळं जातं. सुरुवातीला तो म्हणतो, परमेश्वरानं दिलं, परमेश्वरानं नेलं. चर्चमध्ये बहुतेक वेळा एवढंच सांगतात. पण पुस्तकाचे 42 अध्याय आहेत आणि तिसऱ्यातच तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. एलीफज, बिल्दद, सोफर हे मित्र येतात. ताई, ते अगदी तुमच्या घरी येणाऱ्यांसारखंच बोलतात: तुझं काहीतरी चुकलं असेल, पाप कबूल कर. ईयोब ऐकत नाही. तो देवाला सोडत नाही आणि खोटी कबुलीही देत नाही. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं योग्य बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. देवाची बाजू घेणारे चुकीचे ठरले आणि देवाकडं दाद मागणारा बरोबर ठरला.

अर्थात, देव वादळातून बोलल्यावर ईयोबानं तोंडावर हात ठेवला, हेही तिथंच आहे. ते लपवणं बरोबर नाही. आणि त्याला सगळं दुप्पट परत मिळालं, या शेवटापाशी मी नेहमी अडखळतो. माझ्या ओळखीत कुणालाच दुप्पट परत मिळालेलं नाही. नवी मुलं झाली म्हणून गेलेली मुलं थोडीच परत येतात.

निपाणीचा माळकरी:
म्हणजे तुमच्या धर्मातही शेवट गप्प बसण्यातच झाला की. आमचे बुवा वेगळं काय म्हणाले?

मलप्रभाकाठची (खानापूर तालुका):
दादा, ईयोबानं तोंडावर हात ठेवला तो देव स्वतः समोर येऊन बोलल्यावर. मित्र गप्प बस म्हणत होते तेव्हा ठेवला नाही. माझ्या आईसमोर विठ्ठल येऊन बोलला तर तीही गप्प बसेल. तोवर बुवांना तिला गप्प बसवायचा अधिकार नाही.

सौंदत्ती रोड:
तुमच्या युक्तिवादात गोडवा आहे, पण माझी शंका गेली नाही. एक सरळ विचारते. तुमच्या भावाला एकादशी असते का? फिट येणाऱ्या माणसाला उपास आणि जागरण दोन्ही वाईट. आमच्याकडं देवाचं म्हणून असे कितीतरी पेशंट उपाशी ठेवतात, मग फिट येते, मग पुन्हा देवाचंच काहीतरी राहिलं म्हणतात.

मलप्रभाकाठची (खानापूर तालुका):
नसते. बेळगावच्या डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की पोट रिकामं ठेवायचं नाही आणि झोप मोडायची नाही. एकादशीला आई स्वतः वरई खाते आणि त्याला भाकरी करून वाढते. कीर्तनालाही त्याला नऊच्या पुढं बसू देत नाही. यावरून गावात बोलणी खाल्ली आहेत तिनं. माळकऱ्याच्या घरात एकादशीला भाकरी थापल्याचा आवाज येतो म्हणून.

निपाणीचा माळकरी:
यात बोलणी खाण्यासारखं काहीच नाही. आजारी माणसाला, लहान लेकराला, बाळंतिणीला उपासाची सक्ती नाही, हे आमच्या दिंडीतही सांगतात. तुमच्या गावच्या मंडळींना ते ठाऊक नसेल तर मी आषाढीच्या आधी तिकडं येतोच आहे, बुवांच्या देखत बोलेन. बाकी भांडणाच्या मुद्द्यावर मी अजून बुवांच्याच बाजूचा आहे. तेही समोरासमोर बोलू, आईंनाही बसवा.

वडगावचा माग:
खानापूरला येणार असाल तर वडगाववरून या. मलाबी यायचं हाय.