अनुभव धागा: झड उघडल्यावर पांदणीत फसलेल्या गाड्या

चार दिवसांची झड काल उघडली. सकाळी दूध आणायला निघालो, तर फाट्यावर एक पोट्टा गाडी आडवी पाडून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काडीनं मडगार्ड कोरत बसलेला. काडी तुटली की दुसरी घ्यायची. मला एकदम हसू फुटलं. त्यानं असं काही पाहिलं माझ्याकडे की मी मुकाट्यानं पुढे गेलो.

2021 चा ऑगस्ट. आम्ही सहा जण, पाच गाड्या. आर्वीच्या पुढे एका मित्राच्या वावरात खोपडी आहे, डांबरी रस्त्यापासून पांदणीनं, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, साडेतीन किलोमीटर. बेत असा की पाऊस थांबला की निघायचं, चिखलात मनसोक्त गाड्या घालायच्या आणि खोपडीवर गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. व्हिडिओ बघून सगळे पंडित झालो होतो. फुटरेस्टवर उभं राहायचं, दुसरा गियर, नजर लांब, पुढचा ब्रेक विसरायचा. टायरची हवासुद्धा 20 psi वर आणली.

पहिला किलोमीटर मुरूम होता, तिथं सगळेच हिरो. नाला ओलांडला आणि काळी माती लागली. पन्नास फुटांत माझं पुढचं चाक फिरायचं थांबलं. घसरलं नाही, रुतलं नाही, नुसतं फिरेना. खाली उतरलो तर पाय वर आला आणि बूट तिथंच राहिला. टायर आणि मडगार्डमधली फट गच्च भरलेली, गवत आणि तुराट्या मिसळून अगदी विटेसारखी. डब्यातला चमचा काढून कोरलं. चमचा वाकला. दहा फूट गेलो, परत तेच.

मागून एक काका जुन्या लुनावर आले, पाठीमागे वैरणीचा भारा. धुऱ्याच्या कडेनं गवतावरून, दोन्ही पायांनी ढकलत आम्हाला ओलांडून गेले. त्यांच्या गाडीला पुढचं मडगार्डच नव्हतं. जाता जाता म्हणाले, "शोभेसाठी ठेवलं काय बाप्पा?"

साडेतीन किलोमीटरला सव्वाचार तास. रोडगे रात्री नऊला. तुमचंही सांगा. राईडचं, शेतातलं, शाळेचं, काहीही चालेल.

वऱ्हाडी_ठेचा
अबे पण तुमी उघाड पडल्यावर काहून गेले? पाणी सुरू असते तवा माती पातळ रायते, चाकावरून वाहून जाते. ऊन पडून दोन घंटे झाले का मंग तिची कणीक होते. आमचा बुढा सांगे, एक तं भर पावसात निघ, नाईतं तीन दिवसानं निघ. मधात निघाला तं गाडी खांद्यावर.

दोनदा_चहा
चमचा वाकला हाहाहा. घरी काय सांगितलं?

धागाकर्ता
हरवला म्हणून सांगितलं. सहाच्या सेटमध्ये अजून पाचच आहेत, पाहुणे आले की विषय निघतो.

मॅडम_स्कूटीवाल्या
माझी पहिली नेमणूक यवतमाळ जिल्ह्यात, शाळा डांबरीपासून दोन किलोमीटर आत. पहिल्याच पावसाळ्यात स्कूटी नेली. बारकी चाकं, वरून सगळं प्लास्टिक, माती आत शिरली की काढायची कुठून? चौथीतली दोन मुलं आली, एकानं उकिडवं बसून खालून पाहिलं आणि मोठ्या माणसासारखं म्हणाला, "मॅडम, हे आता दिवाळीलेच निघन." त्यानंतर तीन वर्षं स्कूटी फाट्यावरच्या एका काकूंच्या ओसरीत ठेवली आणि चपला हातात घेऊन चालत गेले. त्या काकू मला रोज पाय धुवायला गरम पाणी ठेवायच्या. राईडचा अनुभव नाही हा, पण आठवलं म्हणून लिहिलं.

दोनदा_चहा
दिवाळीलेच निघन. वा.

ढेकूळ
कृषीचा विद्यार्थी होतो म्हणून थोडं ज्ञान पाजळतो. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळेच. पूर्ण ओली असली की घसरते, पूर्ण वाळली की दगड, आणि मधल्या अवस्थेत जे सापडेल त्याला धरते. म्हणजे ठेचाभाऊंच्या बुढ्याचं शंभर टक्के बरोबर. टायरची हवा कमी करून वाळूत फायदा होतो, काळीत टायर कसंही असो, थोड्या वेळात ते मातीचा गुळगुळीत गोळाच होतं.

वऱ्हाडी_ठेचा
बुढ्याले सांगतो, खूश होईन.

धानपट्टा
गोंदियाकडे या. आमच्याकडे मुरमाड जमीन, चिकटत नाही एवढी. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, पाळीवरून गाडी घातली आणि चाक सरकलं तर गाडीसकट माणूस बांधीत. मी पडलो तेव्हा रोवणीच्या बायांनी गाणं थांबवलं, बघितलं, आणि मी जिवंत आहे म्हटल्यावर पुन्हा सुरू केलं. उचलायला कोणी आलं नाही. मोडलेला रोवा मात्र माझ्याकडून परत लावून घेतला.

पंचगंगेकाठचा
एक शंका. तुम्ही पांदण म्हणताय ते आमचं पाणंदच ना?

ढेकूळ
तेच. सरकारी योजनेच्या नावातही पाणंदच आहे, मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना. आमच्या गावात मात्र सगळे मातोश्री पांदण म्हणतात.

वऱ्हाडी_ठेचा
पाणंद म्हनलं तं आमाले आनंदाचा भाऊ वाटते.

पंचगंगेकाठचा
चिखलात आनंद कसला आलाय!

राजदूत_ते_आजवर
मी फसलो ते पोळ्याच्या आदल्या दिवशी. आम्ही आठ जण, चार गाड्या, एक जड गाडी मागच्या चाकाच्या आसापर्यंत रुतली. शेजारच्या वावरात दणकट बैलजोडी दिसली, म्हटलं सुटलो. त्या दादांना विनवलं. ते म्हणाले, नाही जमत. सकाळीच बैल धुतले, खांदे शेकले, हळद-लोणी लावलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" सांगून झालं. आता जू ठेवता येत नाही. आम्ही पैसे काढले तर माणूस चिडला. मग तेच म्हणाले, बैल नाही पण मी येतो. घरून दोन बल्ल्या आणि दोर आणला, गाडीखालून बल्ल्या घातल्या आणि आम्ही आठ आणि ते एक, असे नऊ जण गाडी खांद्यावर घेऊन निघालो. पांदणीच्या तोंडाशी एक आजी उभी होती, तिनं हात जोडले. तिला वाटलं कोणी गेलं.

दोनदा_चहा
मी ऑफिसात आहे, सगळे वळून बघताहेत.

मॅडम_स्कूटीवाल्या
आजी!! आणि दादांचं म्हणणं मनापासून पटलं.

तेरा_चौदा_पान्हा
गॅरेजवाला बोलतो. झड उघडली की आठवडाभर जळालेल्या क्लच प्लेटा येतात. चाक अडकलेलं असताना रेस देऊन काढायला जाता, प्लेट जळणार नाही तर काय होईल? उतरा, कोरा, ढकला. दुसरं, चिखल ओला आहे तवरच धुवा. प्रेशरचं पाणी चाकाच्या मधात बेअरिंगवर मारू नका. चेन धुऊन वाळवून तेल. डर्ट बाईकचं पुढचं मडगार्ड टायरपासून बरंच वर असते ते स्टाईल नाही, याच मातीसाठी आहे. काकांचं बरोबर.

लाल_धूळ
राईड राईड वाचतोय. आमच्या वावरात घर होतं. 2013 च्या पावसाळ्यात बाबांना रात्री ताप चढला, गाडी दारातून शंभर पावलं गेली आणि जाम. बाबांना खाटेवर टाकून चार माणसांनी नेलं. पोचले वेळेवर, बरे झाले, आता 78 चे आहेत. पण इंजिनचा आवाज चढला आणि गाडी हलली नाही की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो. कोणाची मजा घालवायची नाही, सांगावंसं वाटलं.

धागाकर्ता
घालवली नाही भाऊ. बरं झालं लिहिलं. रस्ता झाला का आता?

लाल_धूळ
मागल्या साली खडी पडली. आता बाबाच वावरात चक्कर मारायला जातात, थांबवलं तरी.

राजदूत_ते_आजवर
बाबांना नमस्कार सांगा.

हिरवा_घाट
पुढल्या वेळी मेळघाटात जाऊ सगळे? सेमाडोहकडे मस्त चिखल असेल.

ढेकूळ
चिखलदऱ्याच्या डांबरी घाटातून धुक्यात जा आणि भजी खाऊन या. व्याघ्र प्रकल्पातल्या आतल्या वाटांवर दुचाकी नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वाघाला तुमच्या सायलेन्सरचा काय उपयोग?

वऱ्हाडी_ठेचा
चिखल पायजे तं आमच्या वावरात ये ना भाऊ. फुकट आहे. येता येता तन बी काढून जा.

मॅडम_स्कूटीवाल्या
रोडगे नऊला झाले म्हणता, पण गोवऱ्या पावसात पेटल्या कशा?

धागाकर्ता
खोपडीत पऱ्हाट्या कोरड्या होत्या, त्यांच्यावर गोवऱ्या धरवल्या. धूर एवढा की सगळे बाहेर आणि एक जण आत, आळीपाळीनं. रोडगे वरून कोळसा, आतून कच्चे. सगळे खाल्ले.

पंचगंगेकाठचा
तो फाट्यावरचा पोरगा निघाला का शेवटी?

धागाकर्ता
दूध घेऊन परत आलो तेव्हा तो नव्हता. रस्त्याच्या कडेला नुसती ढेकळं पडली होती, एका बाजूनं मडगार्डची गोलाई, दुसऱ्या बाजूनं टायरच्या नक्षीचा छाप. एक उचलून पाहिलं, अजून ओलं होतं.