एन्टरोकॉकसवर दोन औषधांची जोडी: लॅबमध्ये तपासून द्यावी की सरळ सुरू करावी?

लातूरची_मायक्रो: आयसीयूत बरेच दिवस पडून असलेल्या पेशंटच्या रक्तात एन्टरोकॉकस हा जंतू निघतो. मुळात आतड्यातला रहिवासी. सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक्स (सेफ्ट्रिॲक्सोन त्यातलंच) त्याला जन्मजात लागू पडत नाहीत. त्यामुळं वॉर्डात ऊठसूट सेफ्ट्रिॲक्सोन चालू केलं की बाकीचे जंतू मरतात आणि याला रान मोकळं! ॲम्पिसिलिन याला बहुधा नुसतं रोखतं. सोबत जेंटामायसिन दिलं तर मारतं, कारण पेशीभित्तिका ढिली झाल्यावरच जेंटा आत घुसतं. तर माझं म्हणणं, गंभीर केसमध्ये तपासल्याशिवाय जोडी देऊ नये.

नांदेडचा_फिजिशियन: मॅडम, उदगीरचं सॅम्पल तुमच्याकडं पोचून कल्चर यायलाच दोन-तीन दिवस. वर चेकरबोर्डसाठी, म्हणजे दोन्ही औषधं वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र करून बघायला, 96 खळग्यांची प्लेट लावणार, पेशंट थांबतोय होय? आणि लॅबमधली जोडी माणसात चालतेच असं कुठंय? 2018 ची ट्रायल बघा. 406 पेशंट, एकीकडं नुसतं कोलिस्टिन, दुसरीकडं कोलिस्टिन अधिक मेरोपेनेम. लक्षणीय फरक नाही.

लातूरची_मायक्रो: त्या ट्रायलमध्ये बहुतेक ॲसिनेटोबॅक्टर हा वेगळाच जंतू होता, एन्टरोकॉकस नव्हे. आणि तिच्यावरून निघतं ते हेच, की डोळे झाकून जोड्या देऊ नका!

बीडचा_केमिस्ट: मधेच बोलायलोय, पण सरकारनं 2018 मध्ये 328 जोड-औषधं बंद केली, तरी लोक 'दोन औषधं म्हणजे डबल पावर' असंच म्हणायलेत.

नांदेडचा_फिजिशियन: केमिस्टदादा, तो विषय वेगळा.

लातूरची_मायक्रो: चेकरबोर्ड रोज लावा असं मी म्हणतच नाही. जंतू वाढवलेल्या प्लेटवर 120 मायक्रोग्रॅमची जेंटामायसिन डिस्क (औषध लावलेली कागदी चकती) ठेवा, नेहमीच्या सेन्सिटिव्हिटीबरोबरच, म्हणजे कुठलं औषध चालतं त्या तपासणीबरोबरच, निकाल येतो. भोवती जंतू न वाढल्याचं वर्तुळच उमटलं नाही, तर त्या जोडीचा फायदा संपला. पुढं जेंटा चालू ठेवलं तर फक्त किडनी जाते. मग एन्टरोकॉकसची फिकॅलिस जात असेल आणि हृदयाच्या झडपेवर बसला असेल, तर ॲम्पिसिलिन अधिक सेफ्ट्रिॲक्सोन. एकटं सेफ्ट्रिॲक्सोन कुचकामी, पण दोघं भित्तिका बांधणारी वेगवेगळी प्रथिनं अडवतात.

नांदेडचा_फिजिशियन: डिस्क मान्य. उद्याच आमच्या लॅबला सांगतो. पण फिशियम ही दुसरी जात निघाली तर? तिला ॲम्पिसिलिनच बहुधा चालत नाही. व्हॅन्कोमायसिनलाही दाद देत नसेल, तर मी लिनेझोलिड एकटंच सुरू करणार. तिथं तुमच्या जोडीसाठी थांबणार नाही.

लातूरची_मायक्रो: थांबू नका. पण लिनेझोलिड रोखतं, मारत नाही. झडपेवरचा फिशियम असेल तर डॅप्टोमायसिनची दुसऱ्या औषधाबरोबरची जोडी मी लॅबमध्ये लावून बघणारच, तुम्ही मागितली नाही तरी.