शब्दचर्चा : 'अलायन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एस्टोनियाच्या संरक्षणखर्चावरचा लेख मराठीत आणतेय. 'अलायन्स' पावलोपावली येतो. 'युती' लिहिलं की निवडणूक डोळ्यांपुढे येते, 'तह' लिहिलं की कुणीतरी हरल्यासारखं वाटतं. काय लिहू?

– 'तह' नकोच. तह लढाई थांबवतो. २ फेब्रुवारी १९२० ला रशियाने एस्टोनियावरचा हक्क कायमचा सोडला, तो तार्तूचा तह. तिथे शब्द चपखल बसतो. पण २८ सप्टेंबर १९३९ ला मॉस्कोत सही झाली त्याचं नाव होतं 'परस्पर साहाय्य करार'. त्यातून पंचवीस हजार सोव्हिएत सैनिक एस्टोनियातल्या तळांवर आले आणि पुढच्या जूनमध्ये देशच गिळला गेला. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, तैनाती फौज. १८०२ च्या वसईच्या तहाने ती पुण्यात आली, १८१८ ला पेशवाई संपली. एस्टोनियाला नऊ महिनेही मिळाले नाहीत.

– मग एस्टोनियातल्या तापा गावच्या छावणीत २०१७ पासून ब्रिटिशांच्या नेतृत्वाखालचे नाटोचे सैनिक आहेत, तीही तैनाती फौजच की!

– नाही, आणि हा फरक भाषांतरात पुसला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. १९३९ ला सीमेवर रणगाडे उभे करून सही घेतली होती. २००४ ला एस्टोनिया स्वतः मागून नाटोत गेला. आणि ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. अफगाणिस्तानात एस्टोनियाचे नऊ सैनिक मारले गेले. जेमतेम तेरा लाखांच्या देशाला नऊ घरं म्हणजे काय, याचा विचार करा. म्हणून मी गटाला 'मित्रसंघ' म्हणेन आणि त्यातल्या देशांना 'मित्रराष्ट्रं'.

– 'मैत्री' जरा जपून वापरा. एस्टोनियाच्या सीमेवरच्या नार्वा शहरात नदीच्या अलीकडे हेर्मानचा किल्ला, पलीकडे रशियाचा इवांगोरोद, तटावरून तट दिसतो. मधल्या पुलाचं नाव 'मैत्री पूल'. मे २०२४ पासून तो रात्री बंद ठेवू लागले.

– म्हणूनच 'मैत्री' नको, 'मित्रसंघ' म्हटलं. एस्टोनियन भाषेत संघाला 'लीट' म्हणतात. सोव्हिएत संघही लीट, युरोपीय संघही लीट आणि शनिवार-रविवारी बंदूक घेऊन सरावाला जाणाऱ्या स्वयंसेवकांचा 'काइत्सेलीट', म्हणजे रक्षणसंघ, तोही लीटच. शब्द एकच, कुठे ओढून नेलं आणि कुठे आपणहून गेलो, हे त्यांना सांगावं लागत नाही. आपल्या वाचकाला मात्र वाक्यातून सांगावं लागेल.

आणि एक, 'संरक्षणखर्च' सगळीकडे नको. २०२६ पासून देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) पाच टक्क्यांहून जास्त रक्कम त्यांनी ठरवली आहे, तिथे 'तरतूद' लिहा. खर्च झाल्यावर मोजतात. शीर्षकात तर मी 'बेगमी' लिहीन : पाऊस येणार हे माहीत असलेल्या घराचा शब्द आहे तो.