वाघ नाही म्हणून सर्कस मेली म्हणे!

तारेवरची

गेल्या आठवड्यात आपल्या या मंचावरच्याच एका सदस्याने लिहिलं होतं: ‘पोरांना सर्कशीला नेलं. वाघ नाही, सिंह नाही. हत्ती म्हणून एक यंत्र आलं, सोंड हलवून गेलं. बाकी दोन तास नुसत्या उड्या. ही सर्कस नव्हे, जिम्नॅस्टिकचा क्लास. सर्कस मेली, आता पाटी तरी बदला.’ खाली ‘अगदी अगदी’ म्हणणाऱ्यांची ही रांग. दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

तोच खेळ मीही पाहिला. झुल्यांच्या खेळात एका मुलाचा हात सुटला. जाळीत पडला, उठला, दोराच्या शिडीने पुन्हा वर गेला आणि दुसऱ्या खेपेला पलीकडच्याची मनगटं बरोब्बर पकडली. त्या वेळी आमच्या रांगेत समोसे किती सांगायचे यावर चर्चा चालू होती. मग यंत्राचा हत्ती आला आणि सगळ्यांचे मोबाइल वर. हत्ती हवा, माणूस नको, एवढं सरळ म्हणा ना.

आणि हे रडगाणं आत्ताच का? अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह यांचे खेळ बंद करणारी अधिसूचना १९९८ची. सर्कसवाले कोर्टात गेले. केरळ उच्च न्यायालयात २००० साली हरले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. पुढे हत्तीही गेले. विशी-पंचविशीतल्या ज्यांनी त्या पोस्टखाली बदाम टाकलेत, त्यांनी सर्कशीत वाघ पाहिलेलाच नाही. यांना आठवण नक्की कशाची येते?

२०१८च्या नोव्हेंबरात कॅनडाची ‘सर्क द्यु सोलेय’ मुंबईत बीकेसीला आली होती. प्राणी एकही नाही, तिकिटं हजारांत. आमच्या ऑफिसातली मंडळी जाऊन आली आणि आठवडाभर कौतुक सांगत होती. ‘वाघ कुठाय’ असं एकानेही विचारलं नाही. तोच झुला, तीच तार आपल्याकडच्या पोरीने केली की ‘नुसत्या उड्या’.

माणसाचं शरीर काय काय करू शकतं ते दाखवणं म्हणजे सर्कस. पहिल्यापासून तेच होतं.

जुनी_गॅलरी

ती पोस्ट माझी. ‘एक सदस्य’ कशाला, नाव घ्या की.

आम्ही इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर. सर्कस आली की रात्री तिचा सर्चलाइट गावावरून फिरायचा, आणि आम्ही वडिलांच्या मागे भुणभुण लावायचो. ते पाळी बदलून न्यायचे. सगळ्यात मागची लाकडी गॅलरी, फळीतून खाली पाय लोंबकळतायत. वाघांच्या आधी रिंगभोवती लोखंडी जाळी उभी करायचे, तेवढ्या वेळात जोकर धुमाकूळ घालायचे. मग जाळीच्या बोगद्यातून एकेक वाघ आत. वास यायचा हो, शेवटच्या रांगेपर्यंत! वडील कधी फारसे बोलत नसत, पण घरी येताना वाघाबद्दल बोलायचे.

तुम्ही मंडळी ताडोब्याला जाता, जिप्सीचे हजारो मोजता आणि परत येऊन आम्हाला भूतदया शिकवता. कामगाराच्या पोराला वाघ दिसायची एक जागा होती, तीही काढून घेतलीत. वर समोशावरून टोमणे.

नेमका_मुद्दा

वास यायचाच. वाघ जन्मभर हातगाडीएवढ्या पिंजऱ्यात राहिला की दुसरं काय येणार?

कामगाराच्या पोराला वाघ बघायचा तर कात्रजला राजीव गांधी प्राणीसंग्रहालय आहे, तिकीट तुमच्या सर्कशीपेक्षा स्वस्त. आणि बंदीनंतर त्या वाघ-सिंहांचं काय झालं ते कुणी विचारत नाही. सरकारने बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणी बचाव केंद्रं काढली, तिथे त्यांना नेलं. सिंहांतले बरेच आफ्रिकी-आशियाई संकर, म्हणून त्यांची पैदासही करता येईना. तिथेच म्हातारे होऊन गेले. तुमच्या बालपणीच्या त्या दहा मिनिटांची किंमत ही.

जुनी_गॅलरी

इचलकरंजीहून कात्रज! एकदा एसटीने चार माणसांचा हिशोब करून बघा, मग स्वस्त म्हणा.

कृष्णाकाठ

तारेवरचीताई, तुमची शेवटची ओळ वाचून सांगली जिल्हा हळहळला. विष्णुपंत छत्रे आमच्या अंकलखोपचे, आणि पेशाने चाबूकस्वार. इटलीच्या कियारिनीची सर्कस मुंबईत पाहिली आणि २० मार्च १८८०ला तिथेच स्वतःचा खेळ उभा केला. कशाच्या जोरावर? घोड्यांच्या! तुम्ही म्हणता त्या उड्या-कसरतींची खरी तालीम पुढे केरळात, तलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी शाळा काढली तेव्हापासूनची. त्यामुळे ‘पहिल्यापासून तेच’ वगैरे लिहायच्या आधी जरा थांबावं.

अवांतर: याच छत्र्यांनी रहिमतखाँसाहेबांना सांभाळलं. सर्कशीच्या मुक्कामाबरोबर गवईही फिरायचा. आज गाण्याला असा आश्रय देणारा एक माणूस दाखवा. आमच्याकडच्या मैफिलीला परवा पहिली रांग पुढाऱ्यांनी अडवली आणि अर्ध्यातून उठून गेले. म्हैसाळचे देवल, कार्लेकर ही सर्कसवाल्यांची नावं शाळेच्या पुस्तकात नाहीत, पण असल्या पुढाऱ्यांचे फलक प्रत्येक चौकात.

तारेवरची

बरं, पहिला खेळ घोड्यांचा होता. जिल्ह्याची लाज राखली तुम्ही. पण चौखूर घोड्याच्या पाठीवर उभा कोण राहायचा, घोडाच का? आणि त्या अधिसूचनेत घोडा नाहीच. नोंदणी करा, नियम पाळा, आणा घोडे. वाघासाठी रडणाऱ्यांनी घोडा मागितलेला मी अजून ऐकला नाही.

शिरोळचा

प्राण्यांचा एवढा कळवळा चाललाय तर नांदणीच्या माधुरीबद्दल कोण बोलणार? तीस वर्षांच्या वर हत्तीण मठात होती. जुलै २०२५ मध्ये कोर्टाचा हुकूम घेऊन आले आणि जामनगरला अंबानींच्या ‘वनतारा’त नेली. अख्खा तालुका रस्त्यावर रडत होता. आम्ही घरटी त्यांच्या जिओची सिमकार्डं बदलली, पदयात्रा काढली. सर्कशीतला हत्ती नको, मठातला नको, मिरवणुकीतला नको. उद्योगपतीच्या आवारातला तेवढा चालतो व्हय?

नेमका_मुद्दा

समितीच्या अहवालात तिच्या पायांचे, सांध्यांचे आजार नोंदवलेले होते. न्यायालयाने ते मान्य केलं. प्रेम होतं यात शंका नाही, पण प्रेमाने सांधे बरे होत नाहीत.

शिरोळचा

तुम्ही नांदणीला कधी पाय ठेवलाय? पोरं तिला केळी भरवून शाळेत जायची. आमच्या आज्जीला संधिवात आहे, मग तिलाही जामनगरला पाठवू का? अहवाल वाचून हत्ती कळत नसतो.

नेमका_मुद्दा

आजीच्या पायात साखळदंड असेल तर जरूर पाठवा.

शिरोळचा

तोंड सांभाळून बोला. आज्जीवर जायचं काम नाही.

पेठेतला

सर्कशीचा धागा आहे असं ऐकून आलो होतो. चालू द्या, शेंगदाणे घेऊन बसलोय.

घाटावरचा

शिरोळकरांना पाठिंबा. आणि कायद्यापुढे मान तुकवायची नसते हे आम्ही दाखवलंय. बैलगाडा शर्यत २०१४ला बंद केली होती. डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळवली, मे २०२३मध्ये घटनापीठानेही शिक्कामोर्तब केलं. आमचा खोंड पोरासारखा वाढवलेला असतो, मालक स्वतः अर्धपोटी राहील पण बैलाला कमी पडू देणार नाही. सर्कसवाल्यांनी पण नेट लावला असता तर वाघ रिंगणात दिसला असता.

तारेवरची

नेट लावला होता हो, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. पण तुमच्या बैलामागे अख्खा मतदारसंघ उभा असतो. शर्यतीच्या घाटात सगळ्या पक्षांचे आमदार फेटे बांधून येतात. सर्कसवाल्याचं गाव महिन्याला बदलतं, त्याच्या दारात कुठला आमदार जाईल? भूतदया जिंकली असं मी म्हणत नाही, ज्याच्यामागे मतं नव्हती तो हरला. तरी जे झालं ते चांगलं झालं.

घाटावरचा

म्हणजे आमचं राजकारण आणि तुमचं तत्त्व. वा!

तंबूतली_पोर

इतका वेळ वाचतेय. माझी आई झुल्यावर होती, मामा तंबू उभारणाऱ्या गँगमध्ये. तुम्ही सगळे हत्तीवरून भांडताय, म्हणून लिहिते.

हत्ती फक्त खेळ करत नव्हता. खांब ओढायला, चिखलात रुतलेला ट्रक काढायला तोच असायचा. तो गेला तेव्हा मालकाला गर्दीची काळजी, मामाला खांबांची. पण आमच्या घरात रोजचं बोलणं वाघाचं नसायचंच. गावातलं मैदान मिळेल का, त्याचं भाडं किती, परीक्षा कधी संपतात, पाऊस कधी लागतो, हेच. आईच्या वेळची मोठी मैदानं एकेक करून पार्किंगला नाही तर इमारतींना गेली. आता तंबू गावाबाहेर, आणि रात्रीच्या खेळाला बायका-पोरांनी परतायचं कसं?

खरा घाव २०११चा. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना काम करायला बंदी केली. नेपाळातून फसवून आणलेल्या मुली होत्या, मारहाण होती, हे मी नाकारत नाही. पण जी पोरं तंबूतच जन्मली त्यांचंही शिकणं थांबलं. झुल्याला अंग सात-आठव्या वर्षी वळतं, अठराव्या वर्षी नाही. आज झुल्यावर परदेशी कलाकार का दिसतात, ते त्यामुळे.

आणि एक. तुम्हा सगळ्यांना वाघाची दया आली, पण बुटक्या जोकराच्या ढुंगणावर फळी बसते तेव्हा सगळ्यात मोठं हसू पिकतं. मागच्या गॅलरीतही आणि पुढच्या खुर्च्यांतही. त्यावर इथे कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

नेमका_मुद्दा

तुमच्या आईबद्दल आदर आहे, पण सात-आठ वर्षांच्या मुलांना झुल्यावर चढवायचं, म्हणजे बालमजुरीच परत आणायची ना?

तंबूतली_पोर

टीव्हीवर सहा वर्षांची पोर नाचते, तिचे आईबाप कॅमेऱ्यात बघून रडतात, तुम्ही घरी बसून तिला मतं देता. ती ‘टॅलेंट’. पाच वर्षांची पोर मल्लखांबावर चढते, ती ‘संस्कृती’. आमची पोर झुल्यावर चढली की मजुरी. शाळा द्या, विमा द्या, मास्तर तंबूत पाठवा, नियम घाला. तेवढं केलं का कुणी? सरळ कुलूप लावलं आणि निघून गेले. टाळेबंदीत तंबू जागच्या जागी अडकले, तेव्हा फोटो काढायला मात्र आले होते.

पेठेतला

त्या वर्षी सप्टेंबरात रॅम्बो सर्कशीने ऑनलाइन खेळ केला होता, तो आम्ही तिकीट काढून पाहिला. टाळ्या वाजवायला शेजारी कोणी नाही, त्यामुळे हिरमोड झाला. पण जोकर चांगला होता. फळीचा मुद्दा वाचून आता शेंगदाणे घशात अडकले, ते वेगळं.

जुनी_गॅलरी

पोरीने लिहिलंय ते बरोबर आहे. त्या मुलाचा हात सुटला तेव्हा आमचं धाकटं किंचाळलं होतं, हेही खरं. पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण तेव्हा मी समोसे आणायला गेलो होतो. झालं समाधान? तरी तो यंत्राचा हत्ती काढाच. वाघ नाही तर नाही, खोटा हत्ती कशाला? पोरांना काय कळत नाही?

तारेवरची

हत्ती काढला तर पुढच्या पोस्टमध्ये ‘हत्तीसुद्धा नव्हता’ असं लिहिणारे पहिले तुम्हीच असाल. पण मुद्दा मान्य. तुमचा आणि माझा एवढा एकच.

शिरोळचा

मूळ प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली. माधुरी परत कधी येणार?

नेमका_मुद्दा

हा मूळ प्रश्न नव्हता. वेगळा धागा काढा.

शिरोळचा

काढला होता. तिथं पण तुम्हीच आला होता अहवाल घेऊन.