म्यासोयेदॉव्ह यांच्या चित्रातील उघडी खिडकी

प्रश्न: रशियन चित्रकार ग्रिगोरी म्यासोयेदॉव्ह यांच्या १८७२ सालच्या ‘झेम्स्त्वोचे जेवण’ (झेम्स्त्वो म्हणजे रशियातील स्थानिक स्वराज्य सभा) या चित्रात एकही जमीनदार दिसत नाही, तरीही विषमता इतकी ठसठशीत का जाणवते?

उत्तर १: खिडकी पाहावी. आत नोकर ताटल्या पुसतो आहे, आणि त्याच भिंतीबाहेर, १८६४ च्या सुधारणेने ज्यांना या स्थानिक सभेत प्रतिनिधित्व मिळाले ते शेतकरी उन्हात बसून पाव आणि कांद्याची पात खात आहेत. सभा एक, पंगती मात्र दोन!

उत्तर २: सहमत आहे, पण या शेतकऱ्यांना केवळ दीन म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. १८६१ मध्ये भूदासत्व, म्हणजे शेतकऱ्यांना जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी प्रथा, संपले, तरी जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते त्यांच्या मानेवर राहिले, हे विसरता कामा नये.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मी आजवर चेहरेच पाहत होतो. त्या ताटलीकडे लक्षच गेले नव्हते.