मदत हवी आहे: बँकेसाठी विक्रीचे चार्ट, एक्सेलने तोंडघशी पाडलं

नमस्कार मंडळी,
कोल्हापुरात एका मसाल्याच्या कारखान्यात हिशेब बघतो. सीसी लिमिट (धंद्यासाठी बँकेकडून उचल घ्यायची मर्यादा) वाढवून घ्यायचंय म्हणून शेठनी विक्रीचे चार्ट करायला सांगितले. जून ४१ लाख, जुलै ४३, ऑगस्ट ४६. एक्सेलमध्ये आकडे टाकले, कॉलम चार्ट निवडला, झालं. शेठ खूश.

बँकेत साहेबांनी चष्मा वर सरकवला, जूनच्या दांड्यावर बोट ठेवलं, मग ऑगस्टच्या. "दोन महिन्यांत अडीचपट?" मग त्यांनीच डावीकडचा अक्ष दाखवला. सुरुवात ३८ पासून! वाढ १२ टक्के आणि दांडा अडीचपटीच्या वर. लबाडी नव्हती हो, एक्सेलने आपणहून केलं. पण हे कुणाला सांगणार? परत येताना शेठ गाडीत अक्षरही बोलले नाहीत.

शनिवारी पुन्हा जायचंय. अक्ष शून्यापासून घेतला तर सगळे दांडे सारखेच दिसतात, वाढ कळतच नाही. काय करू? शिवाय अकरा मसाल्यांचा एक थ्रीडी पाय चार्ट आहे, शेठचा लाडका. कांदा-लसूण मसाल्याचा तुकडा पुढच्या बाजूला आलाय म्हणून गरम मसाल्याहून मोठा वाटतो. खप दोन्हींचा सारखाच. हा काढू या म्हणून शेठना कसं सांगायचं?

प्रतिसाद १
दांड्याची उंची म्हणजेच आकडा, तो शून्यापासूनच हवा. सगळ्यात लहान आकडा सगळ्यात मोठ्याच्या पाच-षष्ठांशापेक्षा जास्त असला की एक्सेल शून्य सोडून देतं. अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, मिनिममला ० टाका. वाढच दाखवायची असेल तर लाइन चार्ट घ्या. तिथे आपण चढ बघतो, त्यामुळे ३८ पासून चालतं, फक्त अक्षावरचे आकडे ठळक ठेवा.
पाय चार्टऐवजी आडव्या पट्ट्या, मोठीपासून लहानीकडे. शेठशी वाद घालू नका. आधी पाय चार्ट दाखवून विचारा, जास्त काय खपतं? मग पट्ट्या दाखवा.

प्रतिसाद २
दिवाळीचं विसरू नका! २०२३ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ला १ नोव्हेंबरला. आमचा फराळाचा धंदा. ऑक्टोबरशेजारी ऑक्टोबर ठेवला आणि एका वर्षी विक्री उगाच फुगलेली दिसली. आता ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून एकच दांडा काढतो. आणि अक्षावर ४६००००० असले शून्यांचे डबे नकोत, आकडे लाखांत करून टाका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. शेठना विचारलं. छातीठोकपणे म्हणाले, "कांदा-लसूणच!" पट्ट्या बघून जरा वेळ गप्प, मग स्वतः फूटपट्टी लावून मोजल्या. पाय चार्ट बँकेच्या फायलीतून गेला. ऑफिसच्या भिंतीवर मात्र राहणार म्हणे, रंग छान आहेत.