किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये प्लॅटिनम सभासदत्वाचा नेमका उपयोग किती?

वेंगुर्ल्याची_सून

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तर गोव्यातल्या समुद्राकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहायचं ठरतंय, शुक्रवार ते सोमवार. दोन खोल्या. एकीत आम्ही दोघं आणि मुलं (वय ९ आणि ४), दुसरीत सासू-सासरे. मिस्टरांचं मॅरियट बॉनव्हॉयचं (मॅरियट हॉटेलांची सभासद योजना) प्लॅटिनम, म्हणजे वरच्या पातळीचं सभासदत्व आहे. माझं त्याखालचं सिल्व्हर, तेही बँकेच्या कार्डाबरोबर आलेलं.

१) ट्रॅव्हल साइटवर तीच खोली रात्रीमागे पाचशे रुपयांनी स्वस्त दिसते. तिथून काढावी का?
२) प्लॅटिनमचे फायदे दोन्ही खोल्यांना लागतील का? सी-व्ह्यू खोली मिळण्याची शक्यता किती?
३) सोमवारी थिवीहून संध्याकाळची कोकणकन्या पकडायची आहे. दुपारी चारपर्यंत खोली ठेवता येईल ना? प्लॅटिनमला ती हमी आहे असं वाचलंय.
४) बिलात कुठे डोळे उघडे ठेवायचे?

जाणकारांनी सविस्तर सांगावं, ही विनंती.

फ्रंटऑफिस_रत्नागिरी

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच फसतात. प्लॅटिनमला दुपारी चारच्या चेकआउटची हमी आहे हे खरं, पण रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन (मोठ्या परिषदांची) हॉटेलं त्यातून वगळलेली आहेत. तिथे ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द लागू होतो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या शहरी हॉटेलात हक्काने मागायची गोष्ट किनाऱ्यावर विनंती होते. हयात हॉटेलांच्या ‘ग्लोबलिस्ट’ या वरच्या सभासदांनाही रिसॉर्टमध्ये हेच कलम आडवं येतं. तेव्हा गाडीचा बेत हमी धरून आखू नका.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. सोमवारी दुपारी येणारे पाहुणे कमी असतात, त्यामुळे दोनपर्यंत बहुधा मिळतं, चारपर्यंत मिळणं बुकिंगवर. रविवारी रात्री आठच्या सुमारास ड्यूटी मॅनेजरला विचारा. तोवर दुसऱ्या दिवशीच्या येणाऱ्यांची यादी त्याच्यासमोर असते आणि तो तिथल्या तिथे हो-नाही सांगू शकतो. सकाळी अकराला रिसेप्शनवर गर्दीत विचारलंत तर ‘नाही’ हेच सोपं उत्तर असतं. दोन्ही खोल्यांसाठी मागण्यापेक्षा एकच खोली चारपर्यंत मागा आणि सासू-सासऱ्यांना दुपारी तिथे आडवं होऊ द्या. एक खोली सोडणं हॉटेलला परवडतं, दोन नाही.

आता पहिला प्रश्न. ट्रॅव्हल साइटवरून काढलेल्या खोलीवर पॉइंट जमा होत नाहीत, त्या रात्री सभासदत्वाच्या हिशेबात धरल्या जात नाहीत आणि फायदे देण्याचं बंधन हॉटेलवर राहत नाही. पाचशे रुपयांसाठी प्लॅटिनम घरी ठेवून जाण्यासारखं आहे हे. कंपनीच्या अ‍ॅपवर लॉगिन केल्यावर दिसणारा सभासद-दर आधी बघा, पुष्कळदा फरक तिथेच मिटतो. दर निवडताना ‘नॉन-रिफंडेबल’ टाळा. जुलैत दरड कोसळली की रेल्वेही थांबते आणि घाटही, आणि तेव्हा आधी भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण.

दुसरा. एकाच मुक्कामातल्या तीन खोल्यांपर्यंत पॉइंट मिळतात, पण त्यासाठी सभासद स्वतः राहत असला पाहिजे आणि पैसेही त्यानेच भरले पाहिजेत. फायदे मात्र तो ज्या खोलीत राहतो तेवढ्याच खोलीला. सासू-सासऱ्यांच्या खोलीला हक्क म्हणून काही नाही. वेलकम गिफ्ट म्हणून पॉइंट किंवा नाश्ता यांतलं एक निवडायचं असतं (ब्रँडप्रमाणे फरक पडतो), आणि नाश्ता म्हणजे सभासद व सोबतची एक व्यक्ती. कुटुंबाने नाश्ताच घ्यावा. पंचतारांकित रिसॉर्टचा दोघांचा नाश्ता हजार पॉइंटांपेक्षा कितीतरी महाग असतो. चार वर्षांच्या मुलाचा नाश्ता सहसा फुकट, नऊ वर्षांच्याचा निम्म्या दराने. ही वयोमर्यादा हॉटेल आपापली ठरवतं, म्हणून ईमेलवर लेखी घ्या. सासू-सासऱ्यांची खोली नाश्त्यासकट दराने काढा.

आणि तुमचं सिल्व्हर: त्यावर मूळ पॉइंटांवर दहा टक्के जास्त पॉइंट आणि उशिरा चेकआउटची विनंती, बस. वरच्या दर्जाची खोली मिळणं किंवा नाश्ता त्यात नाही. कार्ड विकताना हे कोणी स्पष्ट सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

सी-व्ह्यूचं गणित असं. वरच्या दर्जाची खोली (अपग्रेड) मुक्कामाच्या सगळ्या रात्री रिकामी असेल तरच ती देतात. शुक्रवारी आणि रविवारी रिकामी पण शनिवारी विकलेली, की संपलं. तुमचा शनिवार मध्ये येतोय. रविवार ते बुधवार जमत असेल तर शक्यता वाढते असं समजा, शिवाय दरही उतरतो.

खारा_वारा

वरचं सगळं बरोबर आहे. पण जुलैत सी-व्ह्यू हवाच का, हा आधीचा प्रश्न. नैऋत्येचा वारा थेट समोरच्या खोल्यांवर येतो. काचेवर मिठाचा थर बसतो, समुद्र धूसर दिसतो आणि गॅलरीत बसता येत नाही.

अशा खोलीत शिरल्यावर पहिलं काम: गॅलरीच्या सरकत्या दाराखालची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बघा. तिच्या खाचेत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. वाळू आणि मिठाने ती बुजली की खाच भरते आणि पाणी आतल्या बाजूला, लाकडी फरशीखाली उतरतं. दाराजवळची फळी फुगलेली किंवा काळी पडलेली दिसली तर ती खोली घेऊ नका, रात्री जोराची सर आली की टॉवेल अंथरत बसावं लागेल. नुसती वाळू दिसली तर हाउसकीपिंगला सांगून खाच साफ करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, कपाट उघडून वास घ्या आणि जाड पडदा खालच्या कडेला चिमटीत धरून बघा. ओलसर लागला, कुबट वास आला, तर सामान उघडण्याआधी खोली बदलून मागा. बॅगा उघडल्या की कर्मचाऱ्यांचंही काम वाढतं आणि तुमचंही. एसी अठरावर लावून दार उघडं ठेवू नये: बाहेरची दमट हवा आत आली की जाळीवर पाणी धरतं आणि पलंगावर ठिबकतं. चोवीसवर, ‘ड्राय’ मोड असेल तर त्यावर, दार बंद. काही ठिकाणी दाराला सेन्सर असतो, दार उघडं राहिलं की एसी आपोआप बंद पडतो. तो बिघाड नव्हे.

सासू-सासऱ्यांसाठी माझं स्पष्ट मत: समुद्राकडची नको, बागेकडची पहिल्या मजल्यावरची आणि लिफ्टजवळची घ्या. तळमजल्यावर ओल आणि किडे. सुट्या कॉटेजला जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर जुलैत शेवाळ धरतं, वयस्कर माणसाचा पाय सटकायला एक पायरी पुरते. कॉटेजच मिळाली तर बग्गी किती वाजेपर्यंत असते ते विचारून ठेवा.

जाता जाता: एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बुफेतला सुरमई-पापलेट बहुतेक शीतगृहातला असणार. खाडीचं काही आहे का विचारा. आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर सकाळी घावणे किंवा आंबोळ्या करून देणारे आचारी पुष्कळ ठिकाणी आहेत. बुफेतल्या गार पॅनकेकपेक्षा मुलं ते आवडीने खातात.

हिशेबनीस_कुडाळ

चौथ्या प्रश्नावर लिहितो. पावसाळ्यात दर उतरल्यामुळे एक गंमत नव्हे, खरीखुरी अडचण होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीमागे ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८ टक्के, आणि तो पूर्ण रकमेवर, फक्त वरच्या भागावर नाही. छापील दर नाही, प्रत्यक्ष आकारलेली रक्कम धरतात.

समजा खोली ₹७,२०० ला मिळाली. करासह ₹७,५६०. रिसेप्शनवर म्हणतात, ‘फक्त आठशे रुपयांत सी-व्ह्यू देतो.’ आता खोली ₹८,००० ची झाली, कर १८ टक्के, एकूण ₹९,४४०. म्हणजे आठशेच्या अपग्रेडला तुम्ही प्रत्यक्षात ₹१,८८० मोजले. सभासद म्हणून फुकट मिळालेल्या अपग्रेडने रक्कम बदलत नाही, म्हणून करही बदलत नाही. नाश्त्यासकटचा दर घेतानाही हेच बघा. ₹७,२०० नुसती खोली आणि ₹७,८०० नाश्त्यासकट असेल, तर दुसरी करासह ₹९,२०४ होते. फरक ₹१,६४४. एवढ्यात दोघांचा नाश्ता रेस्टॉरंटमध्ये पैसे देऊन होतो का, ते विचारून मग ठरवा. नाश्त्यासकट खोली काढण्याचा फ्रंटऑफिस दादांचा सल्ला दर ₹७,५०० च्या वर असेल तेव्हा बिनचूक आहे, सीमेच्या आसपास असेल तर कागदावर मांडून बघा.

खोलीवर ५ टक्के लागले तरी जेवणावर १८ टक्के दिसतील, त्यावर वाद घालू नका. आदल्या आर्थिक वर्षात हॉटेलने एकही खोली ₹७,५०० च्या वर दिली असेल तर तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतात.

सर्व्हिस चार्ज ही वेगळी बाब. तो कर नाही. ग्राहकाला न विचारता बिलात घालू नये, अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. शांतपणे काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ज्या माणसाने चांगली सेवा दिली त्याच्या हातात बक्षीस द्या, ते नक्की पोचतं.

चेक-इनला अनामत रोखून धरतात. ती क्रेडिट कार्डावर द्या, तिथे रक्कम फक्त अडकते. डेबिट कार्ड किंवा यूपीआयने दिलीत तर पैसे खरोखर जातात आणि परत यायला कामाचे काही दिवस लागतात.

वेंगुर्ल्याची_सून

मनापासून आभार. तारखा रविवार ते बुधवार करून बघते. दोन्ही खोल्या शेजारी हव्या असतील तर अ‍ॅपवरच्या ‘स्पेशल रिक्वेस्ट’मध्ये लिहिणं पुरेसं आहे का? आणि पॉइंट आलेच नाहीत तर?

फ्रंटऑफिस_रत्नागिरी

पुरेसं नाही. ती रिक्वेस्ट बुकिंगच्या नोंदीत जाते, पण वाचली जाईलच असं नाही. येण्याच्या तीन दिवस आधी रिझर्व्हेशन विभागाला थेट ईमेल करा. पंधरा दिवस आधी केलेला विसरला जातो, आदल्या रात्री केलेला उशिरा पोचतो, कारण येण्याच्या दिवशी सकाळीच खोल्या नेमून ठेवतात. मजकूर छोटा ठेवा, असा:

‘बुकिंग क्रमांक अमुक आणि तमुक, एकाच कुटुंबाचे आहेत, कृपया एकमेकांशी जोडावेत. खोल्या एकाच मजल्यावर शेजारी, लिफ्टजवळ. एका खोलीत सत्तरीपुढचे पालक आहेत. आगमन दुपारी २. शेवटच्या दिवशी एक खोली ४ पर्यंत हवी, शक्य असल्यास.’

पालकांचं वय इथे टाकलंय ते तुमच्याप्रमाणे बदला. मागण्या चारच्या वर नेऊ नका. दहा गोष्टी लिहिल्या की त्यातलं महत्त्वाचं काय ते समोरच्याला कळत नाही. आणि ‘आम्ही प्लॅटिनम आहोत’ असं बजावू नका, ते स्क्रीनवर दिसतंच.

सकाळी अकराला पोचलात तर तयार असलेली खोली बहुधा साधी असते. तेव्हा नेमकं असं विचारा: ‘आत्ता मिळते ती आणि दुपारी तीनला मिळेल ती, यांत काय फरक?’ किल्ली घेतल्यावर अपग्रेडचा विषय संपल्यात जमा होतो.

पॉइंटांसाठी दोन गोष्टी. प्रत्येक सज्ञान माणसाचं ओळखपत्र लागतंच. मिस्टरांचं नाव सभासदत्वात आणि आधारवर एकसारखं आहे ना ते बघा. वडिलांचं नाव मधे असणं-नसणं यावरून नोंद जुळत नाही आणि पॉइंट अडकतात. चेकआउटला अंतिम बिलावर सभासद क्रमांक छापलाय का ते वाचून घ्या, आणि बिल ईमेलवर मागवा. थर्मल कागदावरचं बिल दमट हवेत लवकर पुसट होतं. दोन आठवड्यांत जमा झाले नाहीत तर अ‍ॅपवर ‘मिसिंग स्टे’ची विनंती टाका, सोबत ते बिल जोडा.

खोलीत काही बिघाड असेल तर चेकआउटच्या वेळी सांगू नका. सापडल्यापासून तासाभरात ड्यूटी मॅनेजरला सांगा, वेळ आणि फोटोसह. मुक्काम सुरू असताना तो खोली बदलू शकतो, जेवण बिलातून काढू शकतो. बॅगा गाडीत गेल्यावर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

खारा_वारा

एक राहिलं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, कोकणकन्येची थिवीची वेळ जूनमध्ये पुन्हा तपासा आणि त्यावरून चेकआउटची वेळ मागा. रिसॉर्टची गाडी स्टेशनपर्यंत सोडते का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. पावसात ऐनवेळी टॅक्सी मिळत नाही.